नावाखालचा धागा

‘‘हे नाव परत घे,’’ असं बशीरचाचांनी तिला सांगितलं होतं. शाल्मलीनं ऐकलं नव्हतं.

साडेतीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मिरजेत चाचांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, भिंतींना जुन्या रजया ठोकून तयार केलेल्या खोलीत ती नावं वाचत बसली होती. आठवा महिना चालू होता. ‘वार्तासखी’ नावाच्या कंपनीला घराघरांत बातम्या वाचून दाखवणारं यंत्र बसवायचं होतं आणि त्यासाठी एका बाईचा आवाज हवा होता. शाल्मली स्थानिक रेडिओवर बातम्या द्यायची, तिची निवड झाली. अकरा दिवस नुसती वाक्यं वाचून झाली. बाराव्या दिवशी जिल्ह्याच्या मतदारयादीतली आडनावं निघाली. सहा हजारांवर होती, कंपनीनं मुद्दाम उलटसुलट करून पाठवलेली.

चाचा तंबोरे बनवणाऱ्या घराण्यातले. त्यांचं खरं काम जवारी काढण्याचं. तंबोऱ्याच्या घोडीवर तार जिथे टेकते, तिथे कानस मारून मारून असा उतार काढायचा की तार नुसती वाजत नाही, गुंजत राहते. मग तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवायचा. तो केसभर पुढे गेला की आवाज बंद, केसभर मागे आला की उघडा. असे कान तीन जिल्ह्यांत दुसरे नव्हते, म्हणून ध्वनिमुद्रणाचं काम कंपनीनं त्यांच्याकडे दिलं होतं.

‘‘शंभर नावं झाली की थांबत जा, बेटा. तार तापली की जवारी बदलते.’’

‘‘चाचा, मी तार नाही.’’

‘‘तुझ्या गळ्यात काय, मग पाइप बसवलाय नगरपालिकेचा?’’

शाल्मली हसली. पण त्या दिवशी तिला थांबायचं नव्हतं. थांबलं की पोटाकडे लक्ष जात होतं. सकाळपासून बाळ हललं नव्हतं. तिनं गूळपाणी प्यायलं, डाव्या कुशीवर पडून पाहिलं, मनातल्या मनात दोनशेपर्यंत मोजलं. घरी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं की ते खरं झालं असतं. दुपारी दवाखान्यात जायचंच असं ठरवून, तोवर वेड लागू नये म्हणून ती इथे येऊन बसली होती. कुडचे. बिरनाळे. वाघचौरे. आणि मग, एका आडनावाच्या तोंडावर, आतून लाथ बसली. चांगली सणसणीत.

तिनं ते नाव पुरं केलं. ‘‘ऐनापुरे.’’

काचेपलीकडून चाचांनी हात वर केला. ‘‘हे परत घे. इथे आवाज खुलला.’’

‘‘चांगला खुलला ना? मग राहू द्या की.’’

‘‘चांगलाय म्हणूनच परत घे. बाकीच्या नावांच्या पंगतीत बसत नाही.’’

‘‘चाचा, एका आडनावानं काय होतंय!’’ डोळे पुसत, हसत ती म्हणाली आणि पुढचं नाव वाचलं.

*

काय होतं, ते कळायला निवडणूक यावी लागली.

तोवर वार्तासखी शहरातल्या निम्म्या घरांत आणि बाहेरगावीही पोचली होती. ओट्याजवळ, देवघराशेजारी, दुकानाच्या गल्ल्यावर ती वाटीएवढी पांढरी डबी असायची आणि तिच्यातून शाल्मली बोलायची. म्हणजे शाल्मली नाही, तिचा आवाज. रोज नव्या बातम्या, तिनं जन्मात न उच्चारलेली वाक्यं. केदारचा, तिच्या नवऱ्याचा, ठरलेला विनोद होता. ‘‘एक बायको स्वयंपाकघरात बोलते, दुसरी डबीतून. मी बिचारा ऐकू कुणाचं?’’

‘‘जी गप्प बसवता येते तिचं,’’ शाल्मली म्हणायची.

त्या वर्षी महापौराची निवड पहिल्यांदाच थेट लोकांकडून व्हायची होती. दोनच तगडे उमेदवार. एक बाबुराव धनवडे, तीन वेळचे नगरसेवक, माणूस वाईट नव्हे. दुसऱ्या हेमलता ऐनापुरे, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. मागच्या वर्षी काविळीची साथ आली, तेव्हा या बाई चाळीस नळांचं पाणी बाटल्यांत भरून, प्रत्येकीवर गल्लीचं नाव चिकटवून महापालिकेच्या पायरीवर जाऊन बसल्या होत्या. शाल्मलीची लेक उर्वी त्याच साथीत सतरा दिवस अंथरुणात होती. तिच्या डोळ्यांतला तो पिवळा रंग शाल्मली विसरली नव्हती. अजूनही ती पाणी दोनदा उकळायची, गार झालं की उजेडात धरून पाहायची. तिचं मत कुणाला, हे विचारायचं कारणच नव्हतं.

बातम्यांच्या पक्षपाताची बोंब नको म्हणून सरकारनं तेव्हा नवं यंत्र आणलं होतं. लोक त्याला तराजू म्हणत. प्रत्येक वर्तमानपत्र, वाहिनी, डबी, सगळ्यांच्या बातम्या त्यातून जायच्या. कोणाला किती सेकंद दिले, कोणाचं नाव आधी घेतलं, कोणाच्या भाषणाला ‘गर्दी’ म्हटलं आणि कोणाच्या भाषणाला ‘उपस्थिती’, फोटोत कोण हसतंय आणि कोणाचे डोळे अर्धवट मिटलेत, हे सगळं तो तोलायचा. पारडं जरा झुकलं की बातमी अडायची. वार्तासखीचा झुकाव शून्य होता. सलग चार महिने, शून्य.

आणि तरीही मतदानाला बारा दिवस असताना एका दैनिकानं पाहणी छापली. ज्या घरांत बाईच्या आवाजाची डबी होती, तिथे शंभरात सहा माणसं जास्त ऐनापुऱ्यांकडे होती. ज्या घरांनी त्याच कंपनीचा पुरुषी आवाज घेतला होता, तिथे दोघं बरोबरीत. बातम्या अक्षर न् अक्षर त्याच.

धनवड्यांचे कार्यकर्ते कंपनीच्या दारात जाऊन ओरडले, ‘‘विकली गेली, सखी विकली गेली!’’ तराजू तीनदा पुन्हा लावला. तिन्ही वेळा शून्य.

‘‘बायका बायकांचं ऐकतात, दुसरं काय,’’ केदार म्हणाला. शाल्मलीनंही मान डोलावली. तिला ते पटायला हवं होतं.

*

शनिवारी सकाळी ती मेथी निवडत होती. उर्वीनं दोन वांगी घेऊन जमिनीवर निवडणूक मांडली होती आणि स्वतःच बातम्या देत होती.

‘‘धनवडे पाण्यात पडले. ऐनापुरे पण पाण्यात पडल्या. धनवडे रडले. ऐनापुरे पण रडल्या.’’

शाल्मलीचा हात थांबला. पोरगी अगदी तराजूला शोभेल अशी समान बातमी देत होती. पण धनवडे म्हणताना ती नुसतं नाव घ्यायची. ऐनापुरे म्हणायच्या आधी मात्र किंचित थांबायची, आणि मग नाव असं वर उचलायची, जसं पाळण्यातून काही उचलावं.

‘‘उर्वी, परत म्हण बरं. ऐनापुरे.’’

थांबणं. उचलणं. ‘‘ऐनापुरे.’’

‘‘साधं म्हण की. धनवडे म्हणतेस तसं.’’

उर्वीनं आईकडे कीव केल्यासारखं पाहिलं. ‘‘आई, ऐनापुरे अस्संच म्हणायचं असतं.’’

शाल्मलीनं पोरीला शेजारच्या काकूंकडे ठेवलं आणि मेथी तशीच टाकून बाहेर पडली.

चाचा दुकानात तंबोऱ्याच्या भोपळ्याला पॉलिश देत होते. तिनं सांगितलं ते त्यांनी ऐकून घेतलं आणि हात पुसत उठले. ‘‘चार महिने वाट बघतोय मी, तू कधी येतेस म्हणून.’’

‘‘तुम्हाला माहीत होतं?’’

‘‘कानाला माहीत होतं. पण म्हाताऱ्या माणसानं कान दाखवून कुणाला सांगायचं? तिकडे तराजू आहे.’’

वरच्या खोलीत त्यांनी मूळ मुद्रण काढलं आणि पडद्यावर आवाजाची रेघ उमटवली. सहा हजार आडनावं, एकेक छोटी टेकडी. सगळ्या टेकड्या एका उंचीच्या, रेडिओवरच्या सवयीनं घडवलेल्या. मधेच एक जागा होती, जिथे रेघ आधी सपाट पडली, श्वास अडकल्यासारखी, सेकंदाचा चौदावा हिस्सा. मग ती हळूच वर गेली आणि शेवटी खाली येताना थरथरली.

‘‘यंत्र शब्द नाही शिकत, बेटा. शब्द त्याला लिहूनच मिळतात. ते तुझ्याकडून श्वास शिकलं. पाटील, जाधव तू वाक्यांतही शंभर वेळा बोलली होतीस, त्यातून त्यानं मधला सूर काढला. पण ऐनापुरे तू एकदाच म्हणालीस. त्याच्यापाशी दुसरा नमुनाच नाही. म्हणून बातमी कसली का असेना, हे नाव आलं की ते तुझ्यासारखंच थांबतं आणि तुझ्यासारखंच... खुलतं.’’

‘‘एवढंसं?’’

‘‘धागा केवढासा असतो?’’

तिनं हिशेब केला. रोज नऊ वेळा बातम्या, प्रत्येकीत चार-पाचदा नाव, चार महिने. ऐकणाऱ्या एकालाही ते वेगळं ऐकू आलं नसणार. कान शब्द पकडतो आणि सूर सोडून देतो, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात सूर आधी आत जातो. पोटातलं मूल आईचा एकही शब्द न कळता तिची चाल ओळखतं, आणि जन्मल्यावर त्याच चालीकडे मान वळवतं, हे शाल्मलीनं गरोदरपणी पुस्तकात वाचलं होतं. मोठी माणसं तरी वेगळी कुठे असतात? दिवसातून चाळीस वेळा एक नाव कुणीतरी जिवाभावाच्या माणसाचं घ्यावं तसं घेत असेल, तर त्या नावाभोवती ऊब साठतच जाणार. ती कुठून आली हे विचारलं, तर माणूस सांगणार, बाई चांगल्या आहेत हो, कामाच्या आहेत.

चाचांनी ते नाव तिला मूळ आवाजात ऐकवलं. एकदा. मग तिनं सांगितलं म्हणून पुन्हा.

भीती होतीच, पण त्याहून मोठं काहीतरी तिच्या छातीत भरून आलं. जन्माला न आलेल्या, नाव नसलेल्या एका जिवानं एक लाथ मारली होती, आणि साडेतीन वर्षांनी अख्ख्या शहराची मान एकीकडे किंचित वळली होती. जगातल्या कुठल्याही तराजूला न कळता.

‘‘आता काय करणार?’’ चाचांनी विचारलं.

उत्तर तिला माहीत होतं, पण ते नकोसं होतं.

*

ती आधी कंपनीकडे गेली नाही. ऐनापुरे बाईंच्या घरी गेली.

बाई अंगणात पत्रकांच्या गठ्ठ्यांना सुतळी बांधत होत्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, मधे दोन प्रश्न विचारले, तेही प्रयोगाच्या वहीत लिहायचे असावेत तसे. मग खो खो हसल्या.

‘‘म्हणजे मी घसा फोडून सभा घेतेय, आणि सहा टक्के तुझ्या पोरीनं आणलेत होय?’’

शाल्मलीलाही हसू आलं. बाईंनी सुतळीची गाठ मारली आणि एकदम विचारलं, ‘‘कंपनीला कळवलंस?’’

‘‘नाही अजून.’’

‘‘आधी माझ्याकडे का आलीस गं?’’

आपण का आलो, ते शाल्मलीला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. बाई म्हणतील, ‘असू दे, आठ दिवसांचाच प्रश्न आहे,’ ही आशा धरून ती आली होती. बाई म्हणतील, ‘पाण्याचं काम झालं पाहिजे.’ मग घरी जाऊन दोनदा उकळलेलं पाणी उजेडात धरता आलं असतं, आणि झोपताही आलं असतं.

‘‘तुमचं पाण्याचं काम राहील मग. माझी पोरगी त्याच काविळीत होती,’’ ती शेवटी म्हणाली.

‘‘राहील कदाचित.’’ बाईंनी दुसरा गठ्ठा पुढे ओढला. ‘‘पण हे बघ, मला विचारू नकोस. नाव माझं आहे. मी हो म्हटलं तरी चूक, नाही म्हटलं तरी मीच मोठी. आवाज तुझा आहे, तूच ठरव.’’ आणि मान वर न करता पुढे म्हणाल्या, ‘‘पोरीला काविळीनंतर भूक लागते का नीट?’’

*

कंपनीच्या पुण्यातल्या अधिकाऱ्यांनी फोनवर फार गोड बोलून सांगितलं की तराजूचा निकाल शून्य आहे, म्हणजे कायद्यानं झुकाव नाहीच. एक नाव नव्यानं शिकवायचं तर आवाज पुन्हा घडवावा लागेल, तीन आठवडे जातील. निवडणूक होऊ द्या, मग बघू.

पण करारात एक कलम होतं. आवाज ज्याचा, त्याला तो कधीही मागे घेता येईल. कारण द्यायचीही गरज नाही. फक्त स्वतःच्या तोंडानं तसं बोलून पाठवायचं. त्यानंतर एका दिवसात तो आवाज सगळ्या घरांतून बंद होणार, आणि पुन्हा कधी कंपनीकडून काम मिळणार नाही, हेही त्यात होतं.

‘‘विचार कर,’’ केदार म्हणाला. आज त्याला विनोद सुचत नव्हता. ‘‘पुरुषी आवाजाच्या घरांत दोघं बरोबरीत आहेत, तुझा आवाज गेला तर बाई...’’

‘‘उद्या धनवड्यांच्या नावाला असं झालं असतं तर आपण काय केलं असतं?’’

‘‘बोंब मारली असती.’’

‘‘मग?’’

केदारनं उर्वीला उचलून घेतलं आणि बाहेर नेलं, घरात आवाज नको म्हणून. मंगळवारी दुपारी शाल्मलीनं साडेतीन मिनिटं बोलून ते पाठवलं. जे झालं ते सगळं सांगितलं, लाथेसकट. बुधवारी सकाळी शहरातल्या निम्म्या डब्या मुक्या झाल्या. एक चेहराहीन, सपाट आवाज लोकांना सांगत होता की नवा आवाज निवडण्यासाठी अमुक आकडा दाबा.

निकाल इथेच सांगून टाकते. धनवडे आठशे अकरा मतांनी निवडून आले. ते सहा टक्के आधी शाल्मलीनं दिले होते, की नंतर शाल्मलीनं काढून घेतले, याचं गणित कुणालाच सुटलं नाही. ऐनापुरे बाई निकालाच्या दुसऱ्या दिवशी रिकाम्या बाटल्यांची पिशवी घेऊन पुन्हा नळांवर फिरताना दिसल्या.

पण खरी गोष्ट त्याआधीची आहे, मतदानाच्या आदल्या शनिवारची.

शुक्रवारी संध्याकाळी कंपनीच्या तक्रारकेंद्रातल्या एका मुलीनं शाल्मलीला फोन केला. आवाज बिचकलेला. ‘‘मॅडम, मला सांगायची परवानगी नाही. पण तीन दिवसांत अकराशे फोन आलेत. बातम्यांबद्दल कुणी विचारतच नाही हो. सगळे एकच विचारतात, ती बाई बरी आहे ना?’’

‘‘कोण आहेत हे सगळे?’’ शाल्मलीनं विचारलं.

‘‘बहुतेक वयस्कर आहेत. एकटे राहणारे. नवा आवाज कसा घ्यायचा तेही त्यांना जमत नाही. त्यातले एक आजोबा मिरजेतलेच आहेत, बुधवारी तीनदा फोन केला त्यांनी. कालपासून आला नाही. मी केला तर उचलत नाहीत. म्हणून म्हटलं, तुम्ही जवळ आहात तर...’’

पत्ता स्टेशनच्या मागच्या जुन्या वसाहतीतला होता. शनिवारी सकाळी शाल्मली गेली. शेजारीण म्हणाली, ‘‘दामूअण्णा होय? रेल्वेत सांधेवाले होते, रूळ बदलायचे. असतील की आत, कुठं जातात!’’

दार लोटलेलंच होतं. दामूअण्णा डबीसमोरच्या खुर्चीत बसले होते, अंगावर परवाचे कपडे. ओठ सुकलेले. टेबलावर गोळ्यांची पाकिटं, त्यांवर मोठ्या थरथरत्या अक्षरांत लिहिलेलं: सकाळच्या आठच्या बातम्या. दुपारच्या एकच्या बातम्या. रात्रीच्या आठच्या बातम्या. डोळ्यांनी घड्याळ दिसेनासं झाल्यापासून त्यांनी दिवस तिच्या आवाजावर लावून घेतला होता. जेवण तिच्यावर, गोळ्या तिच्यावर. बुधवारपासून पाकिटातली एकही गोळी कमी झाली नव्हती.

‘‘अण्णा,’’ ती म्हणाली, ‘‘बरं वाटतंय का?’’

म्हाताऱ्यानं मान वळवली. आवाजाच्या दिशेनं, अचूक. सगळा चेहरा उजळला.

‘‘आलीस होय,’’ दामूअण्णा म्हणाले. ‘‘आठ वाजले का?’’

त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस गेला असता तर सांगता आलं नसतं. परत येताना शाल्मली रिक्षात बसून नुसती आपल्या गळ्यावर हात ठेवून होती. सहा टक्के मतं मोजणारी पाहणी होती, शून्य झुकाव मोजणारा तराजू होता. एका आवाजावर किती घरांचे दिवस टेकलेत, हे कुणी मोजलं नव्हतं.

घरी आल्यावर तिनं तक्रारकेंद्रातल्या मुलीकडून बाकीचे पत्ते आणि नंबर मागितले. मिळाले ते एकशे सहा. शहरं निरनिराळी, काही गावं तिनं ऐकलेलीही नव्हती. रविवारी मतदान करून आल्यावर ती, केदार आणि चाचा फोन घेऊन बसले. एकोणनव्वद लागले. सतरा लागले नाहीत, अजूनही लागत नाहीत.

त्या सतरांतलं एक घर तुमच्या गल्लीत असू शकेल. जिन्याखालच्या खोलीत, समोरच्या इमारतीत, कोपऱ्यावरच्या त्या दारामागे, जिथून रोज सकाळी बातम्यांचा आवाज यायचा आणि आता येत नाही. तो कधी थांबला, हे आठवतंय का? आठवत नसेल, तर हे पान इथेच मिटा. चप्पल घाला, जा, दार वाजवा. गोळ्या घेतल्या का, एवढं फक्त विचारून या.